केदारकंठा: एप्रिलचा बर्फ आणि सह्याद्रीच्या सवयी

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक जिथून सुरू होतो, ते सांकरी गावच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. कळसूबाई १६४६ मीटर, सांकरी १९०० च्या वर. आणि आमच्या नऊ जणांच्या ग्रुपमधले निम्मे मुंबईत म्हणत होते, "नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, हे काय!" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळची राजधानी, दिल्लीत दिवसभर टंगळमंगळ, रात्रीची नंदादेवी एक्सप्रेस, पहाटे डेहराडून. पुढे मसुरी, पुरोला, मोरी करत सुमारे २०० किलोमीटर. त्यात अख्खा दिवस जातो. गाडी लागते त्यांनी पुढची सीट आधीच अडवावी. रोख रक्कम पुरोल्यातच काढून घ्या. ओळखपत्राच्या प्रती हाताशी ठेवा, हा सगळा भाग गोविंद राष्ट्रीय उद्यानात येतो. मायक्रोस्पाइक्स (बर्फात न घसरण्यासाठी बुटांवर चढवायचे खिळे) आणि गेटर्स (बुटांत बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) सांकरीत भाड्याने मिळतात, पण तिथेच घालून चार पावलं चालून बघा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी पट्ट्या जुळवत बसणं म्हणजे शिक्षा.

जुडा का तालाबपर्यंत बर्फ फक्त झाडांच्या सावलीत होता. वरच्या कॅम्पला मात्र सगळं पांढरं.

माथ्यासाठी पहाटे तीनला निघालो. तेव्हा बर्फ कडक असतो, स्पाइक्स कचकच रुततात. शेवटचा चढ चांगलाच उभा आहे. गाईड बुटाच्या टोकाने खोबण पाडत जातो, मागच्यांनी त्याच खोबणीत पाय ठेवायचा. स्वतःची वाट काढायची हौस घरच्या डोंगरांत भागवा. साधारण ३८०० मीटरवरच्या माथ्यावर त्रिशूळ आहे. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग ही शिखरं एकेक करून उजळत गेली. आईने दिलेले बेसनाचे लाडू गोठून दगड झाले होते. चिवड्याने लाज राखली.

तिथे फोटोंत आम्ही तासभर जास्त घालवला. गाईड दोनदा म्हणाला, "चलो, धूप आ गई." आम्हाला वाटलं, ऊन आलं तर बरंच की!

उतरताना दहाच्या सुमारास बर्फ भुसभुशीत व्हायला लागला. गुडघ्यापर्यंत पाय जाऊ लागले. पुढे एक काळा कातळ डोकावत होता, आणि वीस वर्षांच्या सवयीने मी त्याच्याकडे वळलो. सह्याद्रीत घसाऱ्यावर पाय सरकला की आपण कातळच धरतो ना! कातळाला हात लागायच्या आत उजवा पाय मांडीपर्यंत आत. उन्हाने तापलेला दगड भोवतालचा बर्फ आतून वितळवतो आणि वर नुसतं झाकण राहतं. झाडांच्या बुंध्याशीही तेच. पाय निघाला, बूट आतच राहिला. दोघांनी मिळून काठीने उकरून काढला.

म्हणून, डोकावणाऱ्या दगडापासून दोन-चार हात लांबून जा. उतरताना मागे रेलू नका, टाच रोवत सरळ उतरा. आठच्या आत माथा सोडा. गॉगल काढू नका आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांनाही लावा, बर्फ खालून भाजतो. पाण्याची बाटली उलटी ठेवा, वरचं पाणी आधी गोठतं.

मोज्यांच्या दोन सुक्या जोड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. माझ्याकडे सुके मोजे नव्हते, पिशवी होती. ती ओल्या मोज्यावर चढवून, वर तोच भिजका बूट घालून मी कॅम्प गाठला.