स्विंगचे लेआउट मॅनेजर आणि कापलेले उकार

एका पतसंस्थेचा जुना जावा प्रोग्रॅम हातात आला, स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात लिहिलेला. काम एवढंच की लेबलं मराठीत करायची. मूळ कोडमध्ये लेआउट नलच होता, म्हणजे मांडणी आपोआप करणारं काहीच नाही; सेटबाउंड्स या आज्ञेने प्रत्येक खोक्याची जागा आकड्यांत ठोकलेली. मराठी मजकूर टाकला आणि 'एकूण मुद्दल'चे उकार खालून छाटले गेले, 'जामीनदाराचे नाव' तीन ठिपक्यांत संपलं. आकडे वाढवून भागलं असतं, पण फॉन्ट बदलला की पुन्हा तेच. म्हणून लेआउट मॅनेजर, म्हणजे खिडकीतल्या घटकांची जागा आणि माप ठरवणारी यंत्रणा, नीट समजून घ्यायचं ठरवलं.

पुस्तकी व्याख्यांनी फारसं उमगलं नाही. मग एकच बटण वेगवेगळ्या लेआउटच्या पॅनलमध्ये (घटक ठेवायच्या चौकटीत) टाकून खिडकी ताणून पाहिली. फ्लोलेआउटमध्ये ते आपल्या मापाचंच राहिलं. ग्रिडलेआउटने त्याचं काही न ऐकता सगळ्या चौकटी सारख्या केल्या. बॉर्डरलेआउटने नॉर्थमध्ये (वरच्या पट्टीत) उंची त्याची ठेवली, रुंदी मात्र पूर्ण ताणली. सेंटरमध्ये तर उरलेली सगळी जागा त्याच्या गळ्यात. सेटसाइझने कोडमधून दिलेलं माप का चालत नाही, ते इथे कळलं. घटक फक्त आपलं पसंतीचं माप सांगतो. ते कितपत मानायचं, हे मॅनेजर ठरवतो.

खरा घाम काढला तो रकाने-ओळींत घटक मांडणाऱ्या ग्रिडबॅगलेआउटने. सगळा फॉर्म मधोमध गोळा होऊन बसायचा, कारण वेटएक्स आणि वेटवाय (जादा रुंदी आणि उंचीतला वाटा) मुळात शून्य असतात आणि जादा जागा कोणाच्याच वाट्याला जात नाही. खिडकी जरा अरुंद केली की मजकुराची खोकी एकदम चिमटीएवढी व्हायची. पसंतीच्या मापाला जागा पुरली नाही की हा मॅनेजर थेट किमान मापावर उतरतो, हे मला अजूनही आडदांडपणाचं वाटतं. खोक्यांच्या रकान्याला वेटएक्स १ आणि फिल हॉरिझॉन्टल (आडवं ताणून भरणं) दिलं, लेबलांना शून्यच ठेवलं, तेव्हा दोन्ही दुखणी गेली.

शेवटची मांडणी अशी: फॉर्म नॉर्थमध्ये, हप्त्यांचा तक्ता स्क्रोलपेनसह (सरकपट्टीच्या चौकटीत) सेंटरमध्ये, बटणं साउथमधल्या फ्लोलेआउटच्या पॅनलमध्ये उजवीकडे. खिडकी मोठी केली की उंची फक्त तक्त्याची वाढते. पॅक केल्यावर, म्हणजे खिडकी घटकांच्या पसंतीच्या मापाला बसवल्यावर, आलेलंच माप फ्रेमचं (मुख्य खिडकीचं) किमान माप म्हणून ठेवलं. नंतर कॅशियरबाईंनी अक्षरं मोठी मागितली, तेव्हा एका ओळीत फॉन्ट बदलला, उकार शाबूत.

जावा ६ मधला ग्रुपलेआउट हा मॅनेजर मात्र मी हाताने लिहायच्या फंदात पडलो नाही. त्याचा कोड नेटबीन्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधल्या डिझायनरनेच लिहावा.