शिट्टीशिवाय सहा आठवडे: इन्स्टंट पॉटची वही

ऑक्टोबरच्या शेवटी घरात इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवर चालणारा प्रेशर कुकर, आणला. ड्युओ मॉडेल, 6 क्वार्टचं, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास. कॅनडातल्या ओटावात राहून तो घेतला याचं मला जरा जास्तच अप्रूप आहे, कारण 2010 मध्ये हे भांडं बाजारात आणणारे रॉबर्ट वांग आणि त्यांचे सहकारी इथलेच. तेव्हापासून रोज रात्री वहीत टिपणं काढतेय. त्यातलं कामाचं तेवढं इथे उतरवते.

पहिला दिवस नुसत्या पाण्याचा. झाकणातली सिलिकॉनची रिंग सगळीकडून नीट बसलीय ना ते बोट फिरवून पाहिलं, 3 कप पाणी घातलं, वाफेची झडप ‘सीलिंग’वर म्हणजे बंद, हाय प्रेशर, 5 मिनिटं. बराच वेळ पडद्यावर फक्त ‘ऑन’. मग फुसफुस वाढली, झाकणावरची पिन टुपकन वर आली, आवाज बंद, आणि तेव्हा कुठे 5 चा आकडा दिसला. आपण लावलेली मिनिटं प्रेशर आल्यावर मोजायला सुरुवात होते, हे आधी अंगवळणी पाडायला हवं. ‘8 मिनिटांची डाळ’ हातात पडायला अर्धा तास सहज जातो.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, “अगं, शिट्टीच होत नाही, मग शिजलं ते कळायचं कसं?”

खरा प्रश्न तोच आहे. आपलं सगळं गणित शिट्ट्यांत बसवलेलं. तूरडाळीला चार, बटाट्याला तीन, मटकीला एक. एका शिट्टीची किती मिनिटं, याचं सरळ उत्तर नाही, कारण शिट्टी आचेवर, पाण्यावर, कुकरच्या आकारावर ठरते. शिवाय गॅसवरच्या कुकरात दाब साधारण 15 पीएसआय असतो आणि आतलं तापमान 121 अंशांच्या घरात जातं. ड्युओत दाब 10.2 ते 11.6, म्हणजे 115 ते 118 अंश. थोडक्यात, प्रत्येक जिन्नस नव्याने लावून बघायला लागतो.

वरण-भात दुसऱ्याच दिवशी जमला. तळाशी दीड कप पाणी, त्यावर जाळी, जाळीवर डाळीचा डबा, त्यावर भाताचा. डाळ अर्धा तास भिजवलेली, तांदूळ कोलम, एकास दोन पाणी. 8 मिनिटं, मग 10 मिनिटं प्रेशर आपसूक उतरू दिलं. डाळ रवी लावायच्या आधीच चमच्याखाली मोडत होती. भात मऊ होतो, मोकळा नाही. वरणाबरोबर मला तसाच आवडतो.

मटकीने मात्र तीन प्रयत्न घेतले. मोड छान बोटभर आले होते. पहिल्यांदा 3 मिनिटं लावली आणि वाफ आपसूक जाऊ दिली. उसळीचं पिठलं झालं, एक मोड शिल्लक नाही. दुसऱ्यांदा 1 मिनिट, तरी सालं सुटलेली. तिसऱ्यांदा शून्य मिनिटं लावली. हो, शून्य लावता येतं! पिन वर आली की लगेच वेळ संपते. लांब चमच्याने झडप ‘व्हेंटिंग’वर ढकलून वाफ काढून टाकली. झाकण उघडलं तर दाणा अखंड, मोड शाबूत, आणि दाताखाली आला की बरोबर शिजलेला. प्रेशर येईपर्यंतच्या वेळातही शिजणं चालूच असतं, आणि नंतर वाफ कोंडलेली असतानाही. मिनिटांचा आकडा हा त्याचा फक्त मधला तुकडा. हे कळल्यावर माझे पुढचे सगळे अंदाज सुधारले.

मसालेभाताला पडद्यावर ‘बर्न’ आलं, म्हणजे तळ करपत असल्याचा इशारा. सॉटेवर, म्हणजे परतायच्या बटणावर, फोडणी, कांदा, तोंडली, गोडा मसाला, सगळं परतलं आणि तसंच पाणी ओतून झाकण लावलं. तळाला मसाला धरला होता, भांड्याखालच्या सेन्सरला तळ जास्त तापलेला कळला आणि त्याने आच थांबवली. आता परतून झालं की आधी अर्धी वाटी गरम पाणी घालते, लाकडी उलथन्याने तळ खरवडून गुळगुळीत लागेपर्यंत हलवते, मगच तांदूळ. त्यानंतर एकदाही आलेलं नाही.

छोले रात्रभर भिजवून 25 मिनिटं, वाफ आपसूक. फुगणारं कडधान्य असलं की भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही.

आणि दही! यासाठी तरी हे भांडं घ्यावं असं मी मनापासून म्हणेन. इथल्या हिवाळ्यात विरजण लावणं म्हणजे आजवर अव्हनचा दिवा लावून, पातेल्याला शाल गुंडाळून वाट बघणं होतं. आता दुधाची एक पिशवी, 1.33 लिटर, 3.25 टक्के फॅटची. योगर्टचं बटण ‘बॉइल’वर, दूध 83 अंशांपर्यंत जातं. मग आतलं भांडं बाहेर काढून बोट बुडवून दहा आकडे मोजता येतील इतकं कोमट करायचं, थर्मामीटरवर ते 43-44 भरतं. चमचाभर विरजण, परत योगर्ट, 8 तास. बाहेर उणे 18 असताना सकाळी झाकण उघडलं तर कवडीसारखं दही. चमचा घातला तर काप पडला, कडेने पाणी नाही.

रिंगा दोन ठेवा. गोड्या मसाल्याचा आणि हिंगाचा वास सिलिकॉन धरून ठेवतं, आणि तो तांदळाच्या खिरीत उतरलेला मी चाखला आहे. लाल रिंग तिखटाची, पांढरी गोडाची.

वाफवायचं असेल, इडल्या किंवा उकडीचे मोदक, तर झडप उघडी ठेवायची. मग प्रेशर धरत नाही आणि भांड्याचं घड्याळही चालत नाही, म्हणून फोनवर वेळ लावायची. इडलीला 12 मिनिटं पुरली. मोदक अजून केलेले नाहीत.

उद्या पुरण. हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून 12 मिनिटं लावणार आहे, पाणी जरा सढळ, म्हणजे कटाच्या आमटीला कट निघेल. आई म्हणते 15 लाव. तिचा अंदाज आता मिनिटांत यायला लागलाय.