आमची वाटचाल : नागोयाहून निघालेल्या जुन्या गाड्या

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी जपानी शिकले ती दुभाषी व्हायचं म्हणून. गाड्यांच्या धंद्याचा विचार स्वप्नातही नव्हता. २००९ मध्ये नागोयाजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. पुढची चार-पाच वर्षं चाकणहून येणारे इंजिनिअर आणि इथले साहेब यांच्या मधल्या खुर्चीत बसून 'टॉलरन्स' आणि 'रिजेक्शन' हे दोन शब्द इकडचे तिकडे करत राहिले.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज होतं. मालक एकटेच राबायचे, वय साठीच्या पुढे. आम्ही त्यांना ओयाजी-सान म्हणतो. ओयाजी म्हणजे बाप, पण आपण दुकानदाराला 'काका' म्हणतो तसंच ते. परदेशातून त्यांना ईमेल यायच्या, सगळ्या इंग्रजीत. ते त्या छापून घ्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे ठेवायचे. सगळ्यांचा विषय एकच : निस्सान स्कायलाइन जीटी-आर मिळेल का?

कारण साधं होतं. बनल्याला २५ वर्षं झालेली गाडी अमेरिकेत तिथल्या सुरक्षा नियमांतून सुटते. आर-३२ ही जीटी-आर बाजारात आली ऑगस्ट १९८९ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१४ पासून तिला तिकडचं दार उघडणार होतं. अमेरिकेत ती कधी विकलीच गेली नव्हती. तिथल्या पोरांनी ती व्हिडिओ गेममध्ये चालवलेली, आणि आता ती पोरं कमावती झाली होती. ओयाजी-सानना गाडी कळत होती, मला भाषा. २०१४ च्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली आणि आम्ही दोघांनी जुन्या गाड्या परदेशी पाठवायचा धंदा सुरू केला.

पहिली पायरी पोलीस ठाण्याची. जपानात जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करायला 'कोबुत्सुशो' परवाना लागतो आणि त्याचा अर्ज पोलिसांकडेच द्यावा लागतो. १९,००० येन भरले आणि चाळीसेक दिवस वाट पाहिली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, चोरीच्या नाहीत ना त्या गाड्या?" नेमकं तेच पाहायला तो परवाना असतो, हे तिला पटवायला अर्धा तास गेला.

इथे जुन्या गाड्यांचा खरा बाजार म्हणजे लिलाव. फक्त व्यापाऱ्यांसाठी असतो आणि सदस्य व्हायला जामीनदार लागतो. आम्हाला कोण जामीन राहणार? सुरुवातीला दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या नावावर, त्याला कमिशन देऊन बोली लावायचो. दिवसात हजारो गाड्या पडद्यावरून जातात आणि एका गाडीला अर्धं मिनिटही मिळत नाही. जो काही विचार करायचा तो आदल्या रात्री, लिलावाच्या तपासणी-पत्रकावर. गाडीचं रेखाचित्र असतं आणि त्यावर बारीक खुणा : 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेल्या लाटा, 'एस' म्हणजे गंज. वरच्या कोपऱ्यात दर्जाचा आकडा. तिथे आकड्याऐवजी 'आर' दिसला की गाडी ठोकलेली आणि नंतर सरळ केलेली. गिऱ्हाईक आकडा बघतो. ओयाजी-सान खाली तपासनिसानं घाईत खरडलेली जपानी ओळ आधी वाचायला लावतात, कारण 'खालून गंज' हे तिथेच लिहिलेलं सापडतं.

किलोमीटरचं वेगळंच. या गाड्यांचा मूळ स्पीडोमीटर १८० पर्यंतचाच. हौशी मालकांनी तो काढून ३२० चा बसवला आणि ओडोमीटर पुन्हा शून्यापासून सुरू झाला. फसवायचा हेतू नसेलही, पण ६०,००० किलोमीटर असं दिसलं की आम्ही शाकेनचे, म्हणजे दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीचे, जुने कागद मागतो.

२०१५ मध्ये एका गाडीनं हात पोळले. जपानी कागदावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली ते नसतं. अमेरिकेत मात्र २५ वर्षं मोजतात ती बनल्यापासून. आमच्या आर-३२ ची नोंदणी हेसेइ २ च्या, म्हणजे १९९० च्या, नोव्हेंबरची. 'नोव्हेंबरात नोंदली म्हणजे सप्टेंबरात बनलीच असणार' असा हिशेब मीच केला आणि ऑक्टोबरात पोचेल अशा बेतानं ती जहाजावर चढवली. कस्टम्सनं पुरावा मागितला. सीटबेल्टला तारखेची चिठ्ठी शिवलेली असते, तिचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ही पट्ट्याची तारीख आहे, गाडीची नव्हे. खरंच होतं ते. डिसेंबर लागेपर्यंत गाडी बाँडेड, म्हणजे कस्टम्सच्या ताब्यातल्या, गोदामात उभी राहिली, आणि गोदामभाड्यात आमचं कमिशन जाऊन वर पदरचेही गेले. तेव्हापासून नोंदणीच्या महिन्याला २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आमची गाडी बंदर सोडत नाही. गिऱ्हाईक रागावतं. रागावू दे.

दुसरा फटका गंजाचा. लांबच्या एका लिलावातून दर्जाचा आकडा ४ असलेली, म्हणजे बऱ्यापैकी चांगली, गाडी फक्त पत्रक बघून घेतली. पत्रकावर गंजाचं अक्षर नव्हतं. गाडी आली, वर उचलली, तर खालचा काळा रंग जरा जास्तच ताजा. ओयाजी-साननी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. जॅक लावायची जागा पोकळ, मागच्या चाकांच्या कमानीत लांबी (पुट्टी) भरलेली, आणि बॉनेटखाली सस्पेन्शन जिथे वर येऊन टेकतं त्या घुमटाचा पत्रा फुगलेला. गाडीची बरीच वर्षं बर्फाळ मुलखात गेलेली. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर क्षार टाकतात आणि तो पत्रा खातो. टेक्सासच्या गिऱ्हाइकानं पैसे आधीच भरले होते. त्याला फोटो पाठवले, पैसे परत केले आणि गाडी तोट्यात पुन्हा लिलावात घातली. तो नंतर कधी आला नाही. गोष्टीचा शेवट गोड असता तर इथे लिहायला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ओयाजी-सान लोहचुंबक आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन लिलावाच्या सकाळी स्वतः जातात. पत्र्याऐवजी लांबी असली तर चुंबक चिकटत नाही. ते दहा गाड्या बघतात आणि आठ-नऊ नाकारतात. वर्षाला आम्ही तीसेक गाड्या पाठवतो, पण ज्या घेतल्या नाहीत त्यांची वही त्याहून जाड आहे, आणि नवीन गिऱ्हाइकाला मी आधी तीच दाखवते.

पाठवायच्या तऱ्हा दोन. रो-रोची कल्पना कोकण रेल्वेची रो-रो पाहिलेल्यांना वेगळी सांगायला नको. तिथे ट्रक रेल्वेवर चढतो, इथे गाडी जहाजात. स्वस्त पडतं, पण गाडी चालू स्थितीत हवी, टाकीत थोडंसंच पेट्रोल आणि आत एकही सुटी वस्तू नको. दुसरी तऱ्हा कंटेनरची. ४० फुटी कंटेनरात आम्ही दोन गाड्या बांधतो. महाग गाडी आणि मूळ सुटे भाग बरोबर असतील तर कंटेनरच. २०२१ मध्ये कंटेनर मिळेनात आणि भाडी कुठल्या कुठे गेली, तेव्हा तीन गाड्या दोन महिने आमच्याच गॅरेजात ताडपत्रीखाली होत्या.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण सर्वांत किचकट. आयातीची परवानगी गाडी निघायच्या आधी हातात हवी. तिथे २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आणि सत्तरच्या दशकातल्या गाडीच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये ते हमखास सापडतं. मेलबर्नच्या एका गृहस्थांसाठी निस्सानचीच पहिल्या पिढीची फेअरलेडी झेड घेतली, तेव्हा हे सगळं बदलून नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागले. पन्नास वर्षं टिकलेलं गॅस्केट काढताना ओयाजी-सान दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. न्यूझीलंडला धास्ती ढेकण्या किड्यांची, म्हणजे पिकं खाणाऱ्या, घाण वास सोडणाऱ्या 'स्टिंक बग'ची. २०१८ च्या फेब्रुवारीत जपानहून गेलेली गाड्यांची जहाजं त्यांनी ऑकलंडहून परत लावली होती. म्हणून तिकडे जाणारी गाडी आम्ही वाफेनं धुतो, आणि वायपरच्या खालच्या जाळीतली गिंकोची वाळकी पानं चिमट्यानं काढतो.

पैशांचं थोडं. खरेदीवर १० टक्के उपभोग कर भरावा लागतो आणि निर्यात झाली की तो परत मिळतो, पण मिळेपर्यंत तेवढी रक्कम अडकते. आमच्याएवढ्या धंद्याचा श्वास तिथेच कोंडतो. पहिली दोन वर्षं घरभाडं नवऱ्याच्या पगारावर निघालं, हेही इथे लिहायला हवं.

पुण्याहूनही विचारणा होते, 'एक जीटी-आर इकडे पाठवता का?' नाही. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही, आणि अगदी जुन्या व्हिंटेज गाड्यांच्या सवलतीत ही बसत नाही. मामेभाऊ तरी दर दिवाळीला विचारतोच.

कंटेनरमधून जाणाऱ्या गाडीत ओयाजी-सान एक चिठ्ठी ठेवतात. ते जपानीत लिहितात, मी इंग्रजीत उतरवते. थंडीत दुसरा गिअर हळू बसतो, जबरदस्ती करू नका. डाव्या काचेचं बटण दोनदा दाबा. असलं काहीबाही. मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगनहून एकानं कळवलं, गिअर छान बसतो, पण रेडिओवर एखाद-दुसरंच स्टेशन लागतं, तो बिघडलाय का? बिघडलेला नव्हता. जपानचा जुना एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच, आणि तिकडची बहुतेक स्टेशनं त्याच्या वर. आता चिठ्ठीत तेही लिहितो.