किल्ल्याच्या दारात रणगाडा

रणगाड्यांची फौज घेऊन स्पर्धेला येणारा माणूस आळशी असतो, असा वॉरगेमिंगवाल्यांत, म्हणजे टेबलावर इवल्या फौजा मांडून फाशांनी लढाया खेळणाऱ्यांत, एक पक्का समज आहे. पायदळवाला बिचारा अख्खा हिवाळा दीडशे शिपाई रंगवत बसतो. एकेकाचा पट्टा, बंदूक, मुगाच्या दाण्याहून बारीक चेहरा. रणगाडेवाला पंधरा गाड्यांवर हिरवा स्प्रे मारतो, वर थोडी धूळ उडवतो, झाली फौज तयार. स्पर्धेच्या सकाळी पायदळवाला गाडीच्या डिकीतून ट्रेवर ट्रे उतरवत असतो तोवर हा एका खोक्यातून आख्खी रेजिमेंट काढून चहा प्यायला मोकळा. हे सगळं खरं आहे. म्हणून तर मी रणगाडे खेळतो.

खेळ कसा असतो ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून पटत नाही. आमच्या घरात दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त. शनिवारी सकाळी मी खोकं, टेप आणि फाशांची पिशवी घेऊन निघालो की बायको विचारते, "भातुकली किती वाजेपर्यंत चालेल?" मी संध्याकाळची वेळ सांगतो आणि निघतो. शिपाई पंधरा मिलिमीटरचा, त्या मापातला शेरमन रणगाडा जेमतेम सहा सेंटिमीटर भरतो. तो हातात धरून कुणालाही काही गंभीरपणे पटवून देणं अवघडच.

गेल्या स्पर्धेतली जेवणानंतरची फेरी. बर्मिंगहॅमच्या पलीकडच्या एका गावातला कम्युनिटी हॉल, बाहेर पाऊस, आत हीटर, सगळ्यांच्या डोळ्यांवर सँडविचची सुस्ती. टेबलाच्या मधोमध आयोजकांनी मांडलेली टेकडी होती, थर्मोकोलची, वर हिरवा भुसा चिकटवलेला. एका कडेला भुसा उडून पांढरं उघडं पडलं होतं. समोरचा गृहस्थ आपले टायगर, म्हणजे जर्मनांचे भारी रणगाडे, मांडत होता, आणि माझ्या मनात आलं ते असं की इथे हळीव नीट उगवलेले नाहीत.

लहानपणी सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून आलं की दप्तर ओट्यावर आणि हात चिखलात. नगरला आमच्या वाड्याच्या अंगणात किल्ल्याची जागा ठरलेली होती, नळाच्या डाव्या हाताला. खाली विटा आणि डबर, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा लेप. हळीव वेळेत पेरावे लागत, नाहीतर लक्ष्मीपूजनाला किल्ला टकला दिसे. तळ्यासाठी फुटक्या आरशाचा तुकडा. मावळे कुंभाराकडचे, एकाच रांगेत एक बोटाएवढा तर दुसरा वीतभर. दरवाज्यावरचा पहारेकरी दरवाज्याच्या दुप्पट उंच असायचा, त्यामुळे तो रात्री झोपायला आत कसा जातो, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. तटाखाली हत्तीपेक्षा मोठा वाघ. पलीकडे भाजीवाली, तिच्या शेजारी जातं दळणारी बाई, सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. आणि महादरवाज्यात माझा रणगाडा.

जत्रेत घेतलेला, प्लॅस्टिकचा, किल्ली दिली की नळीच्या तोंडातून ठिणग्या टाकणारा. आजोबांना वाघाचं काही वाटलं नव्हतं, बुरुजावर सोडलेल्या दिव्यांच्या माळेचंही नाही, पण रणगाडा बघून ते धोतर सावरत खाली उकिडवे बसले.

"शिवकाळात हे कुठून आलं?"

"आपल्या किल्ल्यातपण मिलिटरीच आहे की," मी म्हणालो.

याला उत्तर नव्हतं. नगरचा भुईकोट किल्ला लष्कराच्याच ताब्यात. निजामशाहीचा, चांदबिबीचा, आणि 1942 ते 1945 पंडित नेहरूंना जिथे डांबलं तो. गावाबाहेर आर्मर्ड कोरचं, म्हणजे रणगाडा दलाचं, प्रशिक्षण केंद्र. के. के. रेंजवर गोळीबाराचा सराव चालू असला की दुपारी फडताळातली भांडी हलकेच किणकिणायची आणि आजी कामातून मान वर न करता म्हणायची, "आज मोठी लावलीय वाटतं." अशा गावातल्या पोराला किल्ला आणि रणगाडा एकमेकांशेजारी दिसले तर त्यात नवल कसलं? तरी आजोबा हलेनात. शेवटी चकल्यांच्या सोऱ्यावरून आजीच बोलली, "महाराजांच्या वेळी असता तर त्यांनी सोडला असता का?"

आजोबांनी तडजोड काढली. रणगाडा राहील, पण दरवाज्याच्या बाहेर, तोंड बाहेरच्या बाजूला. गल्लीतल्या स्पर्धेचे परीक्षक आले तेव्हा त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. मग मला विचारलं, "शत्रूकडे काय आहे?" शत्रूकडे काहीच नव्हतं. शत्रू आम्ही मांडलाच नव्हता. आमच्या किल्ल्याला नंबर आला नाही, तो शेजारच्या प्रतापगडाला गेला.

तर सांगत होतो टायगरवाल्याचं. सद्गृहस्थ. माझा एक शेरमन उचलून त्याने उजेडात धरला, ट्रॅक पाहिले, टरेटवरचा, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावरचा, पांढरा तारा पाहिला, आणि 1945 सालच्या ब्रह्मदेशाच्या मानाने हिरवा जरा पिवळसर झालाय, असं मत दिलं. आमच्या छंदात याला प्रेम म्हणतात. त्याचं बरोबरही असेल. माझी फौज आहे नववी रॉयल डेक्कन हॉर्स, 255व्या भारतीय टँक ब्रिगेडमधली, सतराव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मार्च 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या मेक्टिलात घुसली ती. टरेटमधून डोकावणाऱ्या कमांडरच्या पगडीच्या घड्या मी सगळ्यात बारीक ब्रशाने काढल्यात, आणि स्पर्धेत कुणी ती उचलून पाहिली की मला हरलेल्या फेरीचंही काही वाटत नाही.

पण बघा, ब्रह्मदेशात शेरमन म्हणजे राजा होता. जपान्यांच्या हलक्या रणगाड्यांकडे त्याला समोरून भेदेल असं काही नव्हतं. त्यांचे सैनिक मग रस्त्यात खड्डे खणून विमानातला बॉम्ब मांडीत घेऊन बसत, हातात दगड. रणगाडा डोक्यावर आला की दगड बॉम्बच्या टोकावर हाणायचा. असा तो राजा इंग्लंडातल्या हॉलमध्ये आला की समोर टायगर. ब्रह्मदेशात टायगर कधी पाऊल टाकायला गेला नाही. युद्धभरात टायगर बनले साडेतेराशेच्या आसपास, शेरमन एकोणपन्नास हजारांवर. पण आमच्या स्पर्धांमध्ये टेबलांवर नजर टाकली तर वाटावं, जर्मनांचे सगळे कारखाने दुसरं काही करतच नव्हते. एका टेबलावर तर ब्रिटिश विरुद्ध अमेरिकन चाललेलं असतं. जोड्या गुणांवरून लागतात, इतिहासावरून नाही. आणि ज्या माणसाला माझा हिरवा पिवळसर वाटतो, तो इरावतीकाठच्या फौजेसमोर निवांतपणे टायगर मांडतो. आजोबा असते तर उकिडवे बसले असते.

खेळायचं म्हणाल तर शेरमनने टायगरच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं, एवढंच शास्त्र. त्याचं पुढचं चिलखत फाशाला दाद देत नाही. म्हणून दोन प्लाटून धुरामागे, एक लांबच्या वळशाने कुशीत. हळू काम. मधल्या चिंचोळ्या जागेत माझ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या की शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हटकून "पार्किंग लॉट" म्हणतो. म्हणू दे. फाशांच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेत नाही. टेबलावरून खाली पडलेला फासा बाद. लागोपाठ दोनदा एक देणारा फासा पिशवीत परत, त्या दिवसापुरता. माझे फासे दुसऱ्याने टाकायचे नाहीत, कौतुकानेही नाही. हे कुठल्या नियमपुस्तकात नाही. लहानपणी मे महिन्यात कवड्या खेळताना मामेभावंडांनी घालून दिलेला कायदा आहे, आणि तो मला टायगरपेक्षा पुरातन वाटतो.

डेक्कन हॉर्सच का, असं लोक विचारतात. मूळची निजामाच्या मुलखातली घोडदळाची पलटण, एवढं आपलं दख्खनी नातं मला पुरतं. पण खरी गंमत तिच्या तारखांत आहे. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या झाडीजवळ डेक्कन हॉर्स, तेव्हा तिचा नंबर विसावा, भाले घेऊन, घोड्यांवरून उभ्या पिकातून मशीनगनवाल्यांवर चालून गेली. पुढे दोनच महिन्यांनी, 15 सप्टेंबरला, त्याच लढाईत जगातले पहिले रणगाडे मैदानात उतरले, आणि त्यातले काही त्याच झाडीत घुसले. घोडेवाल्यांना पुढचं दिसलं असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे. मेक्टिलापर्यंत त्यांच्या वारसांनी घोडे सोडून शेरमन धरले होते. आणि ते शेरमन त्यांनी सोडले कुठे? 1965 साली, खेमकरणजवळ आसल उत्तरला, समोर पाकिस्तानचे नवेकोरे अमेरिकन पॅटन रणगाडे असताना, डेक्कन हॉर्स शेरमनमध्येच होती. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुण वैद्य, अलिबागला जन्मलेले. उसाच्या फडात लपायचं, शेतात पाणी सोडलेलं, पॅटन चिखलात अडखळत जवळ आला की बाजूने मारायचा. त्या लढाईनंतर तिथे निकामी पॅटन इतके गोळा झाले की जागेला पॅटननगरच म्हणू लागले.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात असा एक पॅटन मी शाळेच्या सहलीत पाहिलाय. 1994 साली संग्रहालय सुरू झालं. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सगळे उन्हात उभे, आणि बाई रांगेतून ओरडत होत्या, "चढायचं नाही." पॅटनच्या सावलीत आम्ही डबे खाल्ले. त्याच्या अंगाला गरम पत्र्याचा वास येत होता एवढंच आठवतं, आणि त्याची नळी आमच्या किल्ल्यावरच्या रणगाड्यासारखी ठिणग्या टाकत नाही म्हणून झालेली निराशा.

टायगरवाल्याशी ती फेरी मी जिंकलो. शेवटचे दोन गोळे कुशीतून बसले. तो हात मिळवून म्हणाला, मजा आली, पण रंगाचं बघ.

खेळात एक नियम आहे. गोळा बसला पण पुरता भेदून गेला नाही, तर रणगाड्यावर छोटं टोकन ठेवायचं: आतली माणसं उडी मारून बाहेर पडली. पुढच्या पाळीत फासा टाकायचा. चांगला आला तर मंडळी परत आत, तोफ चालू. एका डावात माझे एकाच शेरमनचे पाच जण चारदा आत-बाहेर झालेत, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलोय. नियम चांगला आहे, डाव रंगतो. फक्त ते टोकन ठेवताना मला हल्ली पाकिस्तानशी झालेली बसंतरची लढाई आठवायला लागलीय. 16 डिसेंबर 1971. पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला, वय एकवीस. त्याचा सेंचुरियन पेटला होता. रेडिओवरून हुकूम आला, रणगाडा सोड. त्याने कळवलं की तोफ अजून चालतेय, सोडणार नाही. आणि सोडला नाही.

आमच्या क्लबात एकाने थ्रीडी प्रिंटर घेतलाय. परवा त्याने खिशातून राखाडी रंगाचा इवलासा सेंचुरियन काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, असे चौदा काढून देतो, तू पूना हॉर्स कर, मी पॅटन घेतो, उन्हाळ्यात बसंतर खेळू. मॉडेल देखणं होतं. तरी मी नको म्हणालो. त्याला वाटलं पैशांचं आहे, म्हणून फुकट देऊ लागला.

"फार जवळचं आहे का?" त्याने विचारलं. "पन्नास वर्षं होऊन गेली."

"झाली."

"मग मेक्टिला कसं चालतं तुला?"

प्रश्न बरोबर होता. बॉम्ब मांडीत घेऊन खड्ड्यात बसलेला जपानी सैनिकही बहुतेक तेवढ्याच वयाचा असणार. त्याच्यासाठी तर मी वेगळं टोकन करून घेतलंय, खड्डा, माणूस, हातातला दगड, सगळं रंगवून. प्रतिस्पर्ध्यांना ते फार आवडतं.

"ते चालतं," मी म्हणालो. "का ते विचारू नकोस."