मेंढीचे वजन: नजरेचे आणि काट्यावरचे

आमच्या चिकोडी भागात मेंढीला सर्रास बकरी म्हणतात आणि बाजारातला तिचा व्यवहार अजूनही बहुधा उक्ता होतो. घेणारा पाठीवर हात ठेवतो, कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस अंगठ्याने चाचपतो आणि आकडा सांगतो. माझे थोरले चुलते यात इतके तरबेज आहेत की मध्यम अंगाच्या मेंढीचा त्यांचा अंदाज किलो-दीड किलोपलीकडे चुकत नाही. मात्र गेल्या वर्षी टांगता काटा घरी आल्यावर दिसून आले की गाभण, थोराड आणि लोकर वाढलेल्या जनावरांच्या बाबतीत हाच अंदाज चार-पाच किलोंनी खाली-वर होतो.

विक्रीत ही चूक पैशांची असते, औषधात ती फार महाग पडते. जंतांसाठी मेंढीला अल्बेंडाझोल दर किलो वजनामागे 5 मिलिग्रॅम देतात, आणि अडीच टक्क्यांच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ते 25 मिलिग्रॅम असते. म्हणजे 40 किलोच्या मेंढ्याला 8 मिलिलिटर लागते, पण तो 30 किलोचा समजून 6 मिलिलिटर पाजले तर मात्रा चौथ्या हिश्श्याने कमी पडते, सगळ्यांत चिवट जंत जगतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. आम्ही कित्येक वर्षे सगळ्या कळपाला एकाच मापाने औषध पाजत होतो, याचे मला आज मनापासून वाईट वाटते. आता वजनानुसार गट पाडतो आणि प्रत्येक गटातल्या सर्वांत जड जनावराप्रमाणे मात्रा ठरवतो.

काटा आणला म्हणजे वजन बरोबर येते, हाही माझा समज लवकरच मोडला. एका मेंढीचे वजन संध्याकाळी रानातून चरून, पाणी पिऊन आल्यावर 31.2 किलो भरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, वाघरीतून, म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीतून, बाहेर काढण्याआधी, 27.9 किलो. मेंढी तीच, काटाही तोच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला चारा-पाणी अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा सहज असतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून आम्ही नेहमी पहाटे, रात्रभर उपाशी राहिलेल्या जनावराचेच वजन करतो. पावसात भिजलेली लोकर आणि खुरांना चिकटलेली काळी माती यांचाही भार काट्यावर येतो, तेव्हा अशा दिवशी वजन पुढे ढकलतो. गोणपाटाच्या झोळीला पायांसाठी चार भोके पाडून तिच्यात मेंढी टांगली की ती फारशी धडपडत नाही. झोळीचे वजन आधी वजा करतो आणि आकडा स्थिरावल्याशिवाय वहीत लिहीत नाही. महिन्यातून एकदा 20 लिटर पाण्याचा कॅन टांगून काटा तपासतो, रिकाम्या कॅनचे वजन अर्थात वेगळे धरून.

फिरस्तीवर काटा नसेल तर टेप उपयोगी पडते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी घ्यावी, घेराचा वर्ग गुणिले लांबी करून 10,840 ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असली की उत्तर किलोत येते. 70 घेर आणि 62 लांबी असेल तर 28 किलो. पण लोकरीमुळे घेर 72 भरला तर तेच उत्तर साडेएकोणतीसच्या पुढे जाते, त्यामुळे कातरणीनंतर घेतलेल्या मापावरच मी विश्वास ठेवतो.

कोकरांच्या वजनाने मला सर्वांत जास्त शिकवले. एक कोकरू जन्मताना 2.7 किलोचे होते, आठवड्याने 3.4 झाले आणि त्यापुढच्या आठवड्यात अवघे 3.6. दिसायला ते चपळ होते आणि आईखाली ढुसण्याही देत होते, म्हणून कोणालाच शंका आली नव्हती. आकडा पाहून चुलत्यांनी त्याच्या आईची कास चाचपली तर डावा भाग गरम आणि दगडासारखा घट्ट लागला. त्याच दुपारी डॉक्टरांना बोलावून कासदाहावर उपचार सुरू केले आणि कोकराला दुसऱ्या मेंढीखाली लावले.