फरशीची भीती

'थीफ' हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळलेल्या माणसाला विचारा, त्यात सगळ्यात भीतीदायक काय? तलवारवाला पहारेकरी तो सांगणार नाही, थडग्यातून उठलेले मुडदेही नाहीत. फरशी म्हणेल. श्रीमंताच्या दिवाणखान्यातली, गुळगुळीत, चकचकीत. गालिचा संपून ती सुरू होते, तिथे कीबोर्डवरची बोटं आपोआप थबकतात.

'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा लुकिंग ग्लास स्टुडिओजचा १९९८ सालचा खेळ. त्या काळात पडद्यावर बंदूक दिसली की समोर येईल त्याला उडवायचं, एवढाच बहुतेक खेळांचा हिशोब. इथला नायक गॅरेट मात्र चोर. तलवार आहे त्याच्याकडे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की खेळ खल्लास. म्हणून अंधाराला धरून राहायचं. पडद्याच्या तळाशी मधोमध एक रत्न असतं. सावलीत उभे राहिलात की ते काळवंडतं, उजेडात आलात की लखलखतं. डोळ्यांसाठी एवढी सोय. बाकी सगळा कारभार कानांवर.

गवतावर, गालिच्यावर पाऊल वाजत नाही. लाकडावर थोडंफार, फरशीवर टकटक आणि लोखंडावर तर नुसता खणखणाट. जुन्या वाड्यातल्या जिन्याची कोणती पायरी कुरकुरते हे रात्री उशिरा घरी येणाऱ्या पोराला पाठ असतं, तशी इथे जमीन पाठ करावी लागते. फरशी ओलांडणं अगदीच टळत नसेल, तर शेवाळाचा बाण मारून तिच्यावर मऊ पट्टा अंथरायचा आणि त्यावरून जायचं. हे बाण मोजकेच मिळतात, त्यामुळे हात आखडता. हाच नियम पहारेकऱ्यालाही लागू आहे, ही या खेळातली खरी हुशारी. त्याचीही पावलं वाजतात. तो फरशीवर आहे की लाकडावर, जवळ येतोय की लांब जातोय, मधलं दार उघडं आहे की बंद, सगळं ऐकून कळतं, कारण इथला आवाज भिंतीतून आरपार न येता दारांतून, बोळांतून वळसे घेत येतो. हेडफोन लावून खेळलात तर मान आपोआप आवाजाच्या दिशेला वळते. साध्या स्पीकरवर हा खेळ खेळणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही.

पहिलीच कामगिरी घ्या. बॅफर्ड नावाच्या उमरावाच्या हवेलीतून त्याचा राजदंड पळवायचा. दारावरचे दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींविषयी गप्पा छाटत असतात. आपण विहिरीतून तळघरात उतरायचं. वर आलं की लांबलचक बोळ आणि भिंतीवर जळती मशाल. पाण्याचा बाण सोडला की चर्रर्र होऊन ती विझते. मशाल अशी मध्येच कशी विझली, असा प्रश्न या शहरातल्या पहारेकऱ्यांना पडत नाही. पगार कमी असावा. मग पहारेकऱ्याचं गुणगुणणं ऐकू येतं. पावलं येतात आणि दोन हातांवर थांबतात. 'कोण आहे?' अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. आपण कोपऱ्यात. माईक जोडलेला नसतानाही खेळणारा माणूस इथे खराखुरा श्वास रोखून धरतो. थोड्या वेळाने पहारेकरी 'उंदीर असेल' अशा थाटात पुटपुटतो आणि चालू लागतो.

त्याच्या या दोन वाक्यांच्या मधल्या वेळात सगळी भीती असते. पहारेकऱ्याने पाहिलं, आरडाओरडा झाला, की ती संपलीच. उरते ती धावपळ, आणि धावपळीत माणसाला भ्यायला सवड नसते. खरं सांगायचं तर पकडलं गेल्यावर थोडं बरंच वाटतं. लुकिंग ग्लासवाल्यांना हे नेमकं कळलं होतं. खेळाची सर्वांत अवघड पातळी निवडली की माणसं मारायला चक्क मनाई होते. म्हणजे ज्याची धास्ती, त्याला जिवंत ठेवायचं आणि फार तर मागून जाऊन दंडुक्याने बेशुद्ध करायचं. त्यासाठी त्याच्या पाठीला चिकटल्यासारखं चालावं लागतं. बहुतेक वेळा फरशीवरूनच.

त्याच वर्षी आलेल्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये रडारवर पहारेकऱ्याची नजर किती लांब पोचते हे दिसतं. 'कमांडोज'मध्येही नजरेचा पट्टा जमिनीवर आखलेला. दोन्ही खेळ फर्मास, पण तिथे मामला बुद्धिबळाकडे झुकतो. भूमिती जमली की झालं.

आपल्याकडे सायबर कॅफेत मात्र लपतछपत खेळायचा खेळ म्हणजे 'आयजीआय'. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजचा, २००० सालचा. त्यात मोहिमेच्या मध्ये कुठेही सेव्ह करायची, म्हणजे तिथवरचा खेळ जपून ठेवायची, सोय नव्हती. कॅमेरे चुकवत, तारा ओलांडत शेवटपर्यंत जायचं आणि तिथे कोण्या मनोऱ्यावरून गोळी आली की पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात. शिवाय कॅफेवाल्याचं घड्याळ चालूच. 'टाइम झाला' ही हाक खेळातल्या सायरनपेक्षा वाईट वाजायची.

'थीफ'मध्ये सेव्ह हवं तेव्हा करता येतं, आणि भीतीला खरा सुरुंग लागतो तो तिथेच. दर चार पावलांनी बटण दाबणाऱ्याला फरशी काय घाबरवणार? म्हणून मुरलेल्या खेळाडूंनी स्वतःवर बंधनं घालून घेतली. भुतासारखं जायचं आणि भुतासारखं यायचं, कुणाला पत्ता लागता कामा नये. त्यातल्या सर्वांत कडक नियमांत तर पहारेकरी नुसता 'हं?' म्हणाला तरी डाव बाद. मी त्या वाटेला गेलेलो नाही. माझ्या शहरात उंदीर भरपूर आहेत.