झेप्या, जिना आणि पुसलेली कॅसेट

स्मरणिका समितीचा मेसेज आला की 'शाळेने मला काय दिलं' यावर लिहा, पाचशे शब्द. शाळेने भरपूर दिलं, छड्यांसकट, पण ते बाकीचे लिहितीलच आणि जे डॉक्टर-कलेक्टर झालेत ते माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी झेप्यावर लिहिणारे. पाचशे शब्दांत तो मावत नाही, काय कापायचं ते समितीने बघून घ्यावं.

खरं नाव लिहीत नाही, त्याच्या आईला ते छापायला नकोय. तसंही आमच्या १९९२ च्या दहावीच्या बॅचमध्ये ते किती जणांना आठवेल शंकाच आहे. सातवीत त्याने गणिताच्या वहीच्या कव्हरवर शाईने मोठ्ठं 'लेड झेपलिन' लिहिलं होतं, सरांनी वही उचलली, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "गणित झेपत नाही आणि म्हणे झेपलिन!" झालं. तेव्हापासून झेप्या. पुढे सातपूरला कंपनीत लागला तिथेही झेप्या आणि सासुरवाडीतसुद्धा एक मेव्हणा त्याला झेप्याभाऊजी म्हणायचा.

आता १९८८-८९ सालचं नाशिक डोळ्यासमोर आणा. केबल नाही, एमटीव्ही नाही, मेन रोडला कॅसेटच्या दुकानात हिंदी-मराठी गाणी, भजनं, आरत्या आणि कव्वाल्या. अशा गावात जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणारं, वडील पोस्टात असलेलं पोरगं लेड झेपलिन या इंग्लंडमधल्या अशा रॉक बँडसाठी वेडं होतं जो १९८० मध्येच संपला होता. त्यांचा ड्रमर जॉन बॉनहॅम त्या सप्टेंबरमध्ये गेला, फक्त बत्तीस वर्षांचा होता, आणि बाकीच्या तिघांनी वर्ष संपायच्या आत बँडच बंद केला, दुसरा ड्रमर आणून चालवला नाही. झेप्याला या गोष्टीचा फार अभिमान होता, जणू तो त्या मीटिंगला हजर होता.

हे वेड लावलं त्याच्या मुंबईच्या मामाने. मामा फोर्टात नोकरीला, फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी मासिकं आणायचा आणि काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमधून वर्षाला एखादी कॅसेट. एक ओरिजिनल आली की झेप्या त्यावरून पाच भरून घ्यायचा. सी-नव्वद घ्यायची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, एक अख्खा अल्बम बसतो, हे गणित मात्र त्याला बरोबर झेपायचं. हेड साफ करायला स्पिरीटचा बोळा, गुंडाळायला नटराजची पेन्सिल, आणि भरून झाली की कॅसेटच्या वरच्या कडेचे ते दोन छोटे टवके स्क्रू ड्रायव्हरने उडवायचे, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी दबत नाही. हे टवके लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आम्ही बाकीचे त्याला हसायचो. खरं सांगतो, मला ते संगीत तेव्हा कळलं नाही आणि आजही अर्धवटच कळतं. तो प्रचंड बोअर करायचा. मिसळ खायला गेलो की तर्री येईपर्यंत कुठल्या तरी सोलोची गोष्ट, पांडवलेणी चढताना धाप लागलेली असताना ड्रमची गोष्ट. १९७२ मध्ये झेपलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईला आले होते, कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या डिस्कोत वाजवून गेले आणि मुंबईच्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी पण रेकॉर्ड केली, ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकलीये. शेवटी नेहमी एकच वाक्य, "अरे चार तास, पंचवटी एक्सप्रेसने फक्त चार तास लांब होते ते!" आमचा जन्म १९७६ चा, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. ती मुंबईची रेकॉर्डिंग्ज २०१५ मध्ये कंपनीने अधिकृत बाहेर काढली तेव्हा रात्री साडेअकराला त्याचा फोन, हॅलो नाही काही नाही, थेट त्यातल्या तबल्याची गोष्ट.

आता जिन्याची गोष्ट. मुळात ही सांगायलाच मी लिहायला बसलो.

आठवीत असताना मामाच्या एका मासिकात त्याने वाचलं की 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यातला तो ड्रमचा आवाज स्टुडिओतला नाहीच. १९७१ चा अल्बम. हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर, त्याच्या जिन्याच्या तळाला ड्रम मांडले आणि दोन माईक वरच्या मजल्यावरून खाली टांगले. ड्रमच्या तोंडाशी माईक नाहीच. आवाज आधी भिंतींवर आपटणार, जिन्यातून वर चढणार आणि मग माईकला सापडणार, म्हणून तो एवढा मोठा लागतो. झेप्याने हे मला मधल्या सुट्टीत वाचून दाखवलं आणि मग डबा तसाच ठेवून उठला आणि प्रयोगशाळेच्या बाजूच्या आपल्या दगडी जिन्याखाली जाऊन उभा राहिला. एक टाळी वाजवली. वर बघितलं. परत एक वाजवली. मग म्हणाला, "हाय की आपल्याकडे."

ज्यांना तो जिना आठवत नसेल त्यांच्यासाठी, काळा दगड, मधल्या वळणावर कायम बंद असलेली खिडकी, आणि खाली शिंकलं तर वर तिसरी-ब मध्ये ऐकू जायचं. आता तिथे फरश्या बसवल्यात आणि स्टीलचं रेलिंग लावलंय, आवाज मेला पार. (समितीने ही ओळ कापू नये.)

ड्रम कुठून आणणार? पण आपण नाशिकचे. मंडळाचा ढोल. शनिवारी सकाळची शाळा सुटली, सगळे पांगले, आणि तो सायकलच्या कॅरियरला ढोल बांधून मागच्या गेटने आत. मी माझ्या घरून फिलिप्सचा टू-इन-वन आणला होता, सहा मोठे सेल घालून, आईला सांगितलं की शाळेत कवितावाचनाचं रेकॉर्डिंग आहे. माझं काम असं की दुसऱ्या मजल्यावर उभं राहायचं, टेप दोरीला बांधून जिन्याच्या मधल्या पोकळीत सोडायचा आणि हलू द्यायचा नाही. पहिल्यांदा मी फार खाली सोडला तर नुसता फाटका आवाज आला. मग वर ओढला, अजून वर, पार रेलिंगच्या जवळ. खाली मधल्या वळणावरून झेप्या ओरडला, "धर!" आणि टिपरू मारलं.

मी नाशिक ढोल लहानपणापासून ऐकतोय, गणपतीत, रंगपंचमीला रहाडीवर (म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर), लग्नात. सतत वाजत असतो म्हणून तो आपण ऐकतच नाही. पण त्या दिवशी तो एकटाच होता, ताशा नाही, गर्दी नाही, आणि झेप्या मुद्दाम सावकाश मारत होता. एक ठोका, मग नुसती वाट बघायची, मग पुढचा. ठोका खाली पडायचा आणि थोड्या वेळाने पायऱ्या चढून माझ्याकडे यायचा. दोरी धरलेल्या हाताला तो जाणवत होता, अजूनही लिहिताना तळव्याला काहीतरी होतंय.

मग शिपाई मामा आले. खालून आरोळी, "कोणे रे तिकडे?" झेप्या दचकला, ढोल सुटला आणि मधल्या वळणावरून खालच्या पायऱ्यांवर धडाधड घरंगळत गेला, अख्खा जिना गडगडला, मला वाटलं छतच येतंय. टेप चालूच होता. सोमवारी दोघांच्या वडिलांना बोलावणं, ढोलाचं पान फुटलं त्याची भरपाई, आठवडाभर वर्गाबाहेर. पण त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही कॅसेट लावली आणि तो घरंगळण्याचा आवाज आला तेव्हा झेप्या उठून उभाच राहिला. म्हणाला, "हे बॉनहॅमकडे नाही."

दुसरी गोष्ट छोटी आहे, दहावीतली. २५ नोव्हेंबर १९९१, सोमवार. झेप्या शाळेत आला तो शर्टाच्या बाहीला काळी फीत लावून. पहाटे शॉर्टवेव्हवर बीबीसी ऐकून आला होता, क्वीन या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आदल्या रात्री लंडनला वारला, पंचेचाळीस वर्षांचा. हजेरी घेताना वर्गशिक्षिका बाईंनी फीत बघितली, हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रे घरचं?" झेप्या उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पाचगणीचा एक विद्यार्थी गेला." आता हे खोटं अजिबात नाही. फ्रेडीचं मूळ नाव फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पियानो वाजवायचा, शाळेतच पोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड होता त्याचा. पण बाईंना हे कुठून माहीत, त्यांना वाटलं झेप्याचा चुलत-मावस कोणीतरी. त्यांनी अख्ख्या वर्गाला उभं केलं आणि आम्ही दहावी-अ ने क्वीनच्या गायकासाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. त्या वर्गात हे फक्त दोघांना माहीत होतं आणि त्यातला मी हसू दाबून रडकुंडीला आलो होतो. झेप्या मात्र खरंच रडत होता.

नंतरचं भराभर सांगतो. तो आयटीआय करून सातपूरला कंपनीत क्वालिटीला लागला, मी पुण्याला गेलो. लग्नं, पोरं. त्याने आयुष्यात एकही वाद्य धड वाजवलं नाही, गिटार घेतली होती ती पोराला दिली. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन हा इंग्लिश मेटल बँड मुंबईला बीकेसीच्या मैदानात आला तेव्हा मेव्हण्याचं लग्न सांगून रजा टाकली (मेव्हण्याला तेव्हा दोन पोरं होती) आणि परत आल्यावर गाण्यांपेक्षा जास्त वेळ हे सांगत होता की त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः पायलट आहे आणि बँडचं बोइंग ७५७ तोच उडवतो. "आपल्या पंचवटीचा ड्रायव्हर खाली उतरून गायला लागला तर कसं वाटेल?"

त्याच वर्षी सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. त्याचा फोन आला तेव्हा तो घाटाच्या वर कुठेतरी उभा होता, घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली म्हणाला. आपल्याकडे पूर मारुतीवर मोजतात, पायाला, कमरेला, गळ्याला, हे पुण्याच्या लोकांना समजावून थकलो मी. मग त्याने फोन नदीकडे धरला. दोन-तीन मिनिटं मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून नुसता पाण्याचा आवाज ऐकला. मग तो म्हणाला की ते लेव्हीचं गाणं मुळात झेपलिनचं नाहीच, लेव्ही म्हणजे नदीचा बांध, १९२७ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीला महापूर आला आणि १९२९ मध्ये मेम्फिस मिनी नावाची ब्लूज गायिका आणि तिच्या नवऱ्याने ते रेकॉर्ड केलं. "म्हणजे गाणं पुराचं, आवाज जिन्याचा. आपल्याकडे दोन्ही आहे ना रे." आणि मग खूप वेळ काही बोलला नाही.

गेल्या पावसाळ्यात गेला, झोपेत. एकोणपन्नास. यावर जास्त लिहीत नाही.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊस भुरभुरतोय, नेहमीसारखं एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतोय, आईला सांभाळू, मुलीचं शिक्षण पूर्ण करू. काही नाही. मग त्याचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, कॅसेट भंगारात देणार नाही." मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण मी तिथे होतो आणि कावळा आला.

त्या कॅसेट मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. बुटांच्या खोक्यांत, तीनशेच्या वर, प्रत्येकाच्या कार्डावर बारीक अक्षरात गाणी आणि टेपच्या काउंटरचे आकडे. मी एकच कॅसेट शोधत होतो आणि ती सापडू नये असंही वाटत होतं. कारण एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. नववीत जिन्याची कॅसेट मी ऐकायला म्हणून घरी नेली. गॅदरिंगच्या आदल्या रात्री ताईच्या नाचासाठी कोळीगीत भरून द्यायचं होतं, कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद. टवके उडवलेले होते, त्या भोकावर मी सेलोटेप चिकटवला आणि भरलं. नंतर गुपचूप त्याच्या दप्तरात टाकली. तो काही बोलला नाही, मला वाटलं त्याने लावलीच नसेल परत. चौतीस वर्षं.

सापडली. कार्डावर लिहिलं होतं, 'जिना. ढोल. ००० ते ०१७. पुढे ताईचं कोळीगीत.' आणि माझा सेलोटेप काढून टाकलेला होता, चिकटलेल्या गोंदाचा चौकोन तेवढा पिवळा पडून राहिलेला.

त्याच्या मुलाने टेप आणला, आम्ही लावली. चाळीसेक सेकंद आहे. ठोका, थांबणं, ठोका. मग शिपाई मामा, "कोणे रे तिकडे?" आणि ढोल घरंगळायच्या आत खट् करून कोळीगीत.